पिशोरची खीर

कडूबाईचा पाय भाजला तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर आम्ही पाणी ओतलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण तिनं लुगड्याचा काठ खाली ओढला, उरलेल्या वरणावर झाकण ठेवलं आणि गुमान पोळ्या लाटायला बसली. संध्याकाळी घरी जायच्या वेळेला तिला उठताच येईना, तेव्हा कळलं.

औरंगपुऱ्यात आमचा एक गाळा आहे. माझे मालक होते तोवर तिथं बी-बियाण्याचं दुकान होतं. शेवटच्या दुखण्यात ते सरकारी दवाखान्यात होते आणि मी बाहेर व्हरांड्यात. तिथं खेड्यापाड्यातनं आलेली माणसं बघितली. पेशंटला आत दूध-बिस्कीट मिळतं, पण त्याच्यासंगं आलेल्याला कुणी विचारत नाही. बायको आत सलाईनवर, आणि नवरा नळाच्या पाण्यात पाव बुडवून खातोय. मालक गेल्यावर सुदर्शननं, माझ्या मुलानं, गाळा भाड्यानं द्यायचं काढलं. मी म्हणलं, हात लावशील तर बघ. तिथं मी चूल मांडली. रोज संध्याकाळी वरण, भात, पोळी, भाजी. गल्लीतल्या बायका यायला लागल्या, मग त्यांच्या ओळखीच्या. पगार कुणालाच नाही. राजकुमार रिक्षावाला डबे दवाखान्यात पोचवतो, तोही फुकट, फक्त बोलतो लई.

कडूबाई माझ्या सासरच्या गावची, देवगाव रंगारीची. वयानं माझ्याबरोबरीची, अंगानं माझ्या अर्धी. त्या दिवशी तिचा निर्जळी उपास होता. कुणाला बोलली नाही. वरणाचं पातेलं एकटीनं उचललं, डोळ्यापुढं अंधारी आली, आणि पायावर सांडलं.

"कडूमावशी, उपास होता तर सांगायचं ना," माझी सून मंजुषा तिला म्हणाली. डॉक्टरकडून पाय बांधून आणला होता.

"सेवेत काय सांगायचं, बाई? सांगितलं तर पुण्य निम्मं होतं."

"आणि पाय पूर्ण भाजतो," मी म्हणलं.

मंजुषा हसली नाही. ती विम्याच्या कचेरीत कामाला आहे. तिला जिथं तिथं मोडलेली हाडंच दिसतात. गच्चीवर चढली तर कठडा हलवून बघते. त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा तिनं विषय काढला.

"आई, उद्या हेच कुणाच्या तोंडावर सांडलं तर जबाबदार कोण?"

"देव."

"देव पोलीस ठाण्यात येत नाही, आई. तुम्हाला बोलावतील. संस्था तुमच्या नावावर आहे."

"मी कुणाला बोलवायला गेले नव्हते. आपल्या पायानं येतात."

"तुमच्या शब्दावर येतात. म्हणून तर कडूमावशी तुम्हाला 'माझ्यानं होत नाही' म्हणू शकल्या नाहीत."

मी ताटातली भाजी पुढं सरकवली. तिला उत्तर नव्हतं म्हणून नाही, भाजीत मीठ जास्त होतं म्हणून. पण झोप लागेना. पुण्याच्या कामात वाईट होत नाही असं आम्ही लहानपणापासनं ऐकत आलो. देवाच्या दारात कुणाचं पाऊल घसरत नाही म्हणे. मग देवळाच्या पायऱ्यांवर इतकी माणसं का पडतात, हे कुणी विचारत नाही. मंजुषा सारखी जोखीम, जोखीम म्हणत होती. माझे वडील, बापू, बाजारातून सोनं घेऊन निघाले की म्हणायचे, संगं जोखीम हाय, दिवस बुडायच्या आत पोचलं पाहिजे. गेली तर भरून येत नाही, अशी जी चीज, तिला ते जोखीम म्हणायचे. कडूबाईचा पाय तसाच म्हणायचा. पण सकाळी मी मंजुषाला यातलं काही बोलले नाही. सुनेला पहिल्याच दमात होकार दिला तर तिला सवय लागते.

फक्त म्हणलं, "काय करायचं ते कर. मला शिकवू नको म्हणजे झालं."

तिनं रविवारी सगळ्या बायकांना गाळ्यात बसवलं. जड पातेलं दोघींनी मिळून उचलायचं. उपास असो, ताप असो, महिन्याचं असो, अंगात बळ नसंल तर तोंडानं सांगायचं आणि बसून भाजी निवडायची. इथवर सगळ्यांनी माना हलवल्या. मग तिनं तिसरं काढलं, आणि माना थांबल्या.

आमच्याकडं बाहेरनं शिजलेलं अन्न लई यायचं. कुणाच्या लग्नातलं उरलेलं, कुणाच्या बारशाचं, कुणाच्या तेराव्याचं. हंडेच्या हंडे. आम्ही कधी परत केलं नाही. अन्नाला नाही म्हणायचं नसतं, आणि देणाऱ्याला तर त्याहून नाही. मंजुषा म्हणाली, "कोरडा शिधा कुणाचाही घ्या. शिजलेलं असेल तर दर वारी एक बाई ठरवेल, पुढं पाठवायचं की नाही. ज्या बाईचा वार, तिचा शब्द. त्यावर बाकी कुणी बोलायचं नाही."

"अन् मी कुणाला नाही म्हणू?" एक बाई म्हणाली. "उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचंय."

"माझी तर नणंदच नगरसेवकाच्या घरात दिलीय," दुसरी म्हणाली. "तिनं हंडा पाठवला तर मी परत धाडू व्हय?"

कुणीच वार घ्यायला तयार होईना. तेव्हा मागनं विशाखा बोलली. ही पोरगी आमच्यात सगळ्यात लहान. दिवसा रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधी कामाला, आणि गुरुवारी सुट्टी असते म्हणून आमच्याकडं. टाउन हॉलच्या बाजूला राहते. बौद्धांची पोर. पहिल्या दिवशी आली तेव्हा "जयभीम आजी" म्हणाली, वाकली नाही, सरळ उभी राहिली. मला ते आवडलं नव्हतं. मग तिनं भात उतरवलेला बघितला. भाताचं शीत न् शीत सुटं. तेव्हापासनं मी तिला काही बोलले नाही.

"मी घेते गुरुवार," ती म्हणाली. "पण ताई, मोठ्या माणसानं आणलं असेल तर?"

"तरी," मंजुषा म्हणाली.

"घरातल्याच मोठ्या माणसानं आणलं तर?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघता? माझ्या कपाळावर पाटी लावलीय का?"

बायका हसल्या. मी हो म्हणले नव्हते, पण सगळ्यांनी हो धरलं, आणि बाकीचे वारही एकेकीनं घेतले.

वैशाखात माझ्या भावाचं वर्षश्राद्ध आलं. बन्सीदादा. पिशोरला आमचं माहेर. आईबाप गेल्यावर बाईचं माहेर भावाच्या दारातच असतं, आणि भाऊ गेला की ते भाच्याच्या मर्जीवर. माझा भाचा सर्जेराव तसा गुणी आहे. कांदा, मका, दोन ट्रॅक्टर. बोलायला तापट, पण मला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. मीच त्याला फोन करून म्हणलं, "सर्जेराव, दादाच्या नावानं ह्या वर्षी दवाखान्यातली माणसं जेवू दे. तुमच्याकडं शिजवा, मी संगं घेऊन येते."

"आत्या, तुम्ही सांगायचा अवकाश," तो म्हणाला. "दादाच्या नावाला कमी पडायचं नाही."

श्राद्ध गुरुवारी होतं. मी बायकांना सांगितलं, गुरुवारी चूल पेटवू नका, माझ्या भावाचं अन्न येणार. मंजुषा म्हणाली, "आई, शिजून इथं यायला किती वेळ जाईल ते विशाखाला आधी सांगून ठेवा."

"श्राद्धाचं अन्न घड्याळ बघून शिजत नाय, सांग तिला."

मंजुषा गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला कळतं. ते होकाराचं नसतं.

बुधवारीच मी पिशोरला गेले. गुरुवारी पहाटे अंगणात चुली पेटल्या. तांदळाची खीर, कढी, पुरणपोळ्या, वडे, आमटी. ऊन तापायच्या आत सगळं शिजलं. सर्जेरावानं खिरीत काजू इतके घातले होते की पळी उभी राहावी. केळीच्या पानावर सगळं वाढून घास गच्चीवर ठेवला, आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो.

कावळा येईना.

आमच्याकडं कावळा शिवल्याशिवाय कुणी अन्न तोंडात घालत नाही. चाखतसुद्धा नाही. लहान पोरं भुकेनं रडायला लागली तर त्यांना चुरमुरे दिले. हंडे झाकून पत्र्याच्या शेडात ठेवले होते. वर पत्रा तापला होता, आत खिरीची वाफ कोंडली होती. गडी माणसं "काव काव" करून दमली. मग ज्याला जे सुचलं ते तो कबूल करायला लागला. सर्जेराव हात जोडून म्हणाला, "दादा, धाकट्या भावाशी भांडण मिटवतो." कावळा नाही. "दादा, विहिरीवरचं चिंचेचं झाड तोडत नाही." कावळा लिंबावर येऊन बसला आणि पंख साफ करत राहिला. भाचेसून सुलेखा माझ्या कानात म्हणाली, "आत्या, तुमच्यातच काही अडकलंय का बघा."

मग मी उठले. गच्चीच्या जिन्यापाशी उभी राहिले आणि म्हणलं, "दादा, काळजी करू नको. तुझं अन्न आज दवाखान्यातल्या गरिबांच्या मुखात जाणार. मी स्वतः नेते."

कावळा उतरला. खिरीतच चोच घातली.

अंगणातली माणसं "आलं, आलं" म्हणाली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. भावानं ऐकलं होतं. एवढ्या माणसांत त्यानं माझाच शब्द धरला होता. मला दुसरं काही नको होतं.

मग पंगती उठल्या. पाहुण्यांना वाढायचं, आग्रह करायचा, कुणी रुसलं त्याला बसवायचं. टेम्पो भरायला दुपार कलली. रस्त्यात टायर बसलं. स्टेपनी होती, जॅक नव्हता. झाडाची सावली नव्हती. मी टेम्पोत पुढं बसले होते आणि मागं दादाचं अन्न होतं. मधी एकदा मागच्या खिडकीतून हात घालून मी खिरीच्या हंड्याला लावला. हंडा गरम होता. चुलीचा गरम नव्हता, उन्हाचा होता. दोन्हीतला फरक मला कळतो. जन्म चुलीपाशी गेलाय. मी हात मागं घेतला आणि सर्जेरावाला काही बोलले नाही.

गाळ्यापाशी पोचलो तेव्हा राजकुमार रिक्षाला टेकून उभा होता. "आजी, आज तो दावत है! अख्खं पिशोर उचलून आणलं की काय?" बायका बाहेर आल्या. कडूबाईसुद्धा लंगडत आली. सर्जेरावानं पांढरा सदरा झटकला आणि गड्यांना हंडे उतरवायला सांगितलं. मला लई बरं वाटत होतं. माझं माहेर माझ्या दारात आलं होतं.

विशाखा पिवळा एप्रन बांधून पुढं आली. ज्या बाईचा वार, तिनं तो एप्रन बांधायचा, हेही मंजुषाचंच. पोरीनं खिरीचं झाकण काढलं, वाकून बघितलं, चमच्यानं ढवळलं. मग कढीचं झाकण काढलं.

"दादा, हे केव्हा शिजलं?" तिनं सर्जेरावाला विचारलं.

सर्जेरावानं तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आत्ताच. दुपारी उतरवलं अन् गरम गरम भरलं."

विशाखा थांबली. मग माझ्याकडं वळली. आवाज साधा होता. धारेवर धरायचा नव्हता, विचारायचा होता.

"आजी, तुम्ही तिथंच होतात ना?"

तिथं सगळ्या उभ्या होत्या. मंजुषा दारात. सर्जेराव माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यात काळजी नव्हती. आत्या आपली आहे, ती आपलं झाकणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. एक शब्द पुरे होता. दुपारी. तेवढं म्हणलं असतं की हंडे रिक्षात चढले असते, दादाचं नाव झालं असतं आणि माझं माहेर माझं राहिलं असतं. कावळ्याला दिलेला शब्दही राहिला असता.

मला खोटं बोलायचं वावडं आहे असं नाही. घर चालवलेल्या बाईनं तसं म्हणू नये. पण त्या हंड्याला मी हात लावला होता.

"पहाटे," मी म्हणलं. "पहाटे शिजलं. कावळा उशिरा शिवला. तोवर झाकूनच होतं."

विशाखानं झाकण ठेवलं. "मग हे जाणार नाही, आजी. खीर न् कढी तर नाहीच. बाकीचंही नको, एकत्र कोंडलेलं आहे."

कडूबाई म्हणाली, "चाखून बघा की गं एकदा. एवढं देवाघरचं अन्न."

"आंबलं असेल तर चाखून कळतं, मावशी. बाकीचं कळत नाही. कळतं ते दुसऱ्या दिवशी."

सर्जेरावाचं तोंड लाल झालं होतं. तो विशाखाशी एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, "आत्या, आता ह्यांनी तपासायचं का आपलं अन्न?"

त्या 'ह्यांनी'मधी काय होतं ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळलं. विशाखाला सगळ्यात आधी कळलं. ती जागची हलली नाही, फक्त एप्रनची गाठ घट्ट केली. पिशोरला आमच्या आडावर कोण पाणी शेंदायचं आणि कोण खाली ओंजळ धरून उभं राहायचं ते मी बघितलंय. सर्जेरावानं बघितलं नाही, तरी त्याच्या जिभेवर ते होतंच. कुठून येतं कुणास ठाऊक. शेताच्या सातबाऱ्यासंगं उतरत असावं.

"तपासायला जात लागत नाय, सर्जेराव, वार लागतो," मी म्हणलं. "आज तिचा वार हाय. उद्या कडूबाईचा. तुझा पाहिजे तर रविवारी ये, कांदे चिरून मग तपास."

"तुमच्या घरात तुमचं चालत नाही म्हणा की सरळ."

"नाय चालत आज."

"ठीक हाय. आम्ही दवाखान्यापुढं टेम्पो लावून आमच्या हातानं वाटतो. तिथं कुणी एप्रनवालं नाही."

तो वळला. गड्यांनी हंडे परत उचलले. मी टेम्पोच्या पुढं जाऊन उभी राहिले. त्या गल्लीत टेम्पोला मागं जायला जागा नाही.

"सर्जेराव, ऐक. त्या व्हरांड्यातला माणूस तुला नाही म्हणणार नाही. त्याची बाई आत आहे. तो वास घेणार नाही, केव्हा शिजलं विचारणार नाही. हातात पडंल ते खाईल अन् वर तुझ्या पाया पडंल. उद्या त्याच्या पोटात काही झालं तर त्याच्या बाईला पाणी कोण पाजील?"

"अन् काही नाही झालं तर? माझ्या बापाचं अन्न उकिरड्यावर? कावळ्यापुढं तुम्हीच शब्द दिला, मी नाही."

मी टेम्पोच्या तोंडावर हात टेकला.

"माझा शब्द मी दादाला बघून घेईन," मी म्हणलं. "टेम्पो पिशोरला घे."

"तुम्हाला तुमच्या संस्थेच्या नावाची पडलीय, आत्या. माझ्या बापाची नाही."

निम्मं खरं होतं. म्हणून लागलं. मी बाजूला झाले नाही. शेवटी राजकुमारनं मधी पडून त्याला चहाच्या टपरीवर नेलं. चहा त्यानं घेतला नाही, पण दवाखान्याचं नावही परत काढलं नाही, तेव्हा मी बाजूला झाले. टेम्पो आला तसा पिशोरच्या रस्त्याला लागला. अन्नाचं त्यानं काय केलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आणि आमच्याकडं चूल थंड. माझ्याच सांगण्यावरून कुणी काही शिजवलं नव्हतं. मंजुषानं पदर खोचला. तिनं 'मी सांगितलं होतं' असं तोंडानं म्हणलं नाही, डोळ्यांनीही नाही. त्या दिवशी मला ती सून म्हणून पसंत पडली, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. खिचडी टाकली. मी कांदे चिरले. पातेलं उचलायची वेळ आली तेव्हा कडूबाईनं सवयीनं हात घातला, आणि स्वतःच मागं घेऊन म्हणाली, "दुसरी ये गं कुणीतरी."

दवाखान्यात उशीर झाला. माणसं ताटकळली, काही तशीच झोपली होती. एक म्हातारा राजकुमारला म्हणाला, "रोजच्या वेळेला येत जा, बाबा. आम्ही वाट बघतो." एवढंच. त्याला कुठं ठाऊक होतं की आज त्याच्यासाठी काजूची खीर निघाली होती.

रविवारी सुलेखाचा फोन आला. आवाज गोड होता. भाचेसुनेचा आवाज जास्त गोड झाला की समजायचं, आत मिरची आहे.

"आत्या, तब्येत कशी हाय? मी म्हणलं सांगावं. त्या दिवशी इथं एवढी गर्दी जेवली, कुणाला साधी उचकीसुद्धा लागली नाही. सगळे ठणठणीत. तुम्हाला उगाच काळजी लागली असंल, म्हणून म्हणलं."

"बरं झालं," मी म्हणलं.

"व्हय. बरंच झालं." आणि तिनं ठेवला.

ती खीर लोकांनी दुपारी खाल्ली होती, आमच्याकडं पोचली तोवर दिवस कलला होता. हा फरक मला कळत होता. पण फोनवर कुणाला सांगणार? जे घडलं नाही ते दाखवता येत नाही. कडूबाईचा भाजलेला पाय दाखवता येतो. न भाजलेला पाय कुणी बघत नाही.

बातमी गल्लीत पसरली. बायका म्हणाल्या, उगाच अन्नाचा अपमान झाला. कुणी म्हणालं, पोरीनं जरा जास्तच केलं. बुधवारी संध्याकाळी विशाखा लॅबमधून सरळ माझ्या घरी आली. बसली नाही.

"आजी, माझा गुरुवार दुसऱ्या कुणाला द्या. मी पोळ्या लाटीन, भांडी घाशीन. वार नको."

"का?"

"अन्न चांगलं होतं म्हणे."

"असंल."

तिनं वर बघितलं. तिला वाटलं असेल, मी म्हणेन, नाही, खराबच होतं, तू बरोबर होतीस. पण मला काय माहीत? गाळ्यात आल्यावर ती खीर मी चाखली नव्हती, कुणीच चाखली नव्हती.

"म्हणजे मी चुकले?"

"बस आधी," मी म्हणलं. ती बसली. "तुला त्या वेळी काय ठाऊक होतं? पहाटे शिजलं, कोंडून ठेवलं, उन्हातून आलं. एवढंच ना? त्याच्यावर तू बोललीस. रविवारी कळलेली गोष्ट गुरुवारी कुणाला ठाऊक असती? मला पण नव्हती."

"पण तुमचं माहेर तुटलं, आजी. माझ्यामुळं."

"तुझ्यामुळं? तू एवढी मोठी कधी झालीस? माहेर माझं, तोडलं तर मीच तोडलं. दुपारी म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं." मग मी तिला पाणी दिलं, कारण तिचे डोळे भरले होते आणि मला कुणाचे डोळे पुसायची सवय नाही. "हे बघ. तू वार सोडलास तर उद्यापासनं कुणीच नाही म्हणायचं नाही. जी म्हणंल तिला गल्ली हेच ऐकवील, विशाखाचं काय झालं बघ. मग ती मंजुषाची तिन्ही कलमं गेली चुलीत. तुला सोडायचंच असंल तर अजून एखाद्याला नाही म्हणून मग सोड. तोवर उद्या ये."

तिनं पाणी प्यायलं. येते म्हणाली नाही. पण गुरुवारी आली.

मग मी पिशोरला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. एसटीनं गेले, सुदर्शनला सांगितलं नाही, नाहीतर तो संगं आला असता आणि मधी मधी बोलला असता. सर्जेराव ओट्यावर बसून ट्रॅक्टरचं काहीतरी खोलत होता. त्यानं बघितलं, उठून बाज टाकली, आणि परत खोलत बसला. सुलेखानं पाणी आणलं.

पाना फिरवत तोच म्हणाला, खाली बघून.

"आत्या, तुम्ही मला घरी येऊन मारलं असतं तरी चाललं असतं. चार बायकांत मला खोटं पाडलं."

"तू खोटं बोललास."

"तुमच्यासाठी बोललो. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. दादाला दिलेला शब्द राहावा म्हणून."

"ठाऊक हाय."

"मग?"

"तिनं मला विचारलं, सर्जेराव. तुला विचारलं तेव्हा मी गप्प होते. मी तशीच गप्प राहिले असते. पण मला विचारलं."

त्यानं पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. मी म्हणलं, "पुढच्या वर्षी दादाच्या नावानं तांदूळ, डाळ, गूळ दे. कोरडं. आम्ही तिथं शिजवू, तू वाढायला ये." त्यावर तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सुलेखानं चहा आणला. त्यात साखर जास्त होती, माझ्या साखरेचं तिला माहीत आहे तरी. मी प्याले.

शेवटची एसटी यायच्या वेळेला सर्जेराव उठला, माझी पिशवी उचलली आणि पुढं चालू लागला. दरवेळेला तो माझ्या बरोबरीनं चालतो, त्या दिवशी दहा पावलं पुढं होता. स्टँडवर पिशवी सीटवर ठेवून खाली उतरला. खिडकीशी आला, पण तोंड रस्त्याच्या बाजूला.

"पोचलात की फोन करा," म्हणाला.

ते मनापासून होतं की आत्याला तसं म्हणायची रीत आहे म्हणून, हे मला कळलं नाही. गाडी सुटली. शहरात उतरल्यावर मी फोन केला. वाजत राहिला, मग सुलेखानं उचलला. मी म्हणलं, पोचले म्हणून सांग त्याला. ती म्हणाली, "सांगते. इथंच बसलेत."